बाळंतिणींच्या खोलीतली खुर्ची

"तुम्ही तरी समजवा यांना, ताई," वॉचमनकाकांची लेक कपाटातले शर्ट बॅगेत कोंबत म्हणाली. "माझं ऐकतील तर शपथ!"

हेडबाई स्टुलावर अंग चोरून बसल्या होत्या. काकांचा प्लॅस्टरमधला पाय उशीवर ठेवलेला होता, न सांगता आलेल्या पाहुण्यासारखा.

हेडबाई हे काही त्यांचं पद नव्हतं. त्या विजेच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसत. पण रविवारी चारसहा हौशी माणसांना घेऊन बंद पडलेल्या इमारती बघायला जात, आणि तिथले त्यांचे नियम असे कडक, की मंडळींनीच हे नाव ठेवलं. परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. एकट्यानं जायचं नाही. लाकडी जमिनीवर भिंतीच्या कडेकडेनं चालायचं. आणि कशालाही हात लावायचा नाही. "घरातली माणसं नुसती बाहेर गेलीत असं समजा," त्या सांगत. एकदा एकीनं औषधाची रिकामी बाटली पर्समध्ये टाकली, तर हेडबाईंनी तिला दोन जिने पुन्हा चढायला लावले होते.

काका ज्या प्रसूतिगृहाची राखण करत, ते बंद पडून बारा वर्षं झाली होती. किल्ल्या मात्र त्यांच्याकडेच होत्या. मागच्या बाजूच्या या खोलीत ते एकटे राहत.

"पण पडलात कसे, काका? तुम्हाला तर तिथली फळीन् फळी ठाऊक."

"तेच तर!" काका छताकडे बघत म्हणाले. "वरच्या बाळंतिणींच्या खोलीत मधली फळी कुजलीय. तिच्या दोन्ही बाजूंना खुर्चीचे पाय येतील अशी खुर्ची ठेवली होती मी. खुर्ची दिसली की वळसा घालायचा. परवा खिडकी लावायला गेलो, तर खुर्ची खिडकीपाशी. मग मी आपला सरळ चाललो."

"आणि मांडीपर्यंत आत गेले," लेक म्हणाली.

"मीच ठेवली असणार तिकडे. दुसरं कोण येतंय? तुम्ही येता, पण तुम्ही तर कशाला बोटही लावत नाही."

हेडबाईंना ती खुर्ची आठवली.

दोन रविवारांपूर्वीची गोष्ट. बाकीचे खाली होते. खिडकीतून उन्हाचा असा देखणा पट्टा आला होता, आणि ती खुर्ची उगाच मधोमध, अंधारात. तेवढीशी तर सरकवायची होती. कडेनं चालण्याचा नियम मोडून त्या मधे गेल्या, पाठ धरून खुर्ची ओढत खिडकीशी नेली, फोटो काढला. परत ठेवणारच होत्या, तेवढ्यात खालून कुणीतरी हाक मारली. फोटोला खूप वाहवा मिळाली. फोटोखाली त्यांनीच लिहिलं होतं: 'जसं होतं तसं.'

"परवा गॅसही चालू राहिला होता," लेक म्हणाली.

"तो तू ठेवला होतास!"

"बघा, हेही विसरले. दादानं सांगितलंय, किल्ल्या मालकांना देऊन टाक आणि यांना तुझ्याकडे घेऊन जा. पुढच्या आठवड्यात डोक्याच्या डॉक्टरांना दाखवायचंय."

"जातो बाई," काका हळूच म्हणाले. "मला तरी आता माझा कुठं भरवसा राहिलाय?"

हेडबाईंचं डोकं जरा जास्तच भराभर चालू लागलं. वय झालंच आहे काकांचं. लेकीकडे दोन वेळचं गरम जेवण मिळेल. आज ना उद्या जायचंच होतं. इतकी सगळी शहाणी कारणं एकदम हजर झाली, की त्यांची त्यांनाच किळस आली.

"खुर्ची मी हलवली," त्या म्हणाल्या.

लेकीच्या हातातला शर्ट हातातच राहिला.

"काय म्हणालात?" काकांनी विचारलं.

"मी हलवली, काका. फोटोसाठी. परत ठेवायची विसरले."

काकांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "परत सांगा."

हेडबाईंनी परत सांगितलं.

"ऐकलंस?" काका लेकीला म्हणाले. तिनं शर्ट बॅगेत टाकला नाही, कपाटातही ठेवला नाही.

"शिव्या द्या मला, काका."

"शिव्या नंतर. तो फोन द्या इकडे. हिच्या दादाला लावतो. त्याला सांगा. सगळं, पहिल्यापासून."

घंटी वाजत होती तेवढ्यात काका कोपरांवर रेटा देत उठून बसले. लेक आधार द्यायला पुढे झाली, त्यांनी तिला हातानंच थांबवलं. मग फोन सगळ्यांना ऐकू येईल असा करून हेडबाईंच्या मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"हॅलो? बाबा?"

"बाबा नाहीत, मी..." हेडबाई थबकल्या. 'हेडबाई' हे नाव काही तोंडातून निघेना. "मी तुमच्या बाबांच्या ओळखीची. त्यांच्या पडण्याबद्दल सांगायचंय. त्या खोलीत मी गेले होते. फोटो काढताना मी खुर्ची जराशी सरकवली आणि..."

काकांनी डोळे न उघडताच बोट वर केलं.

"जराशी नाही," ते म्हणाले. "खिडकीपर्यंत."

"खिडकीपर्यंत," हेडबाई म्हणाल्या.