अंगठ्याची जागा

"बाबा, मी दोन हातांनी बॉल टाकते, त्याची तुम्हाला लाज वाटते का?"

प्रश्न विचारायची पैज होती. म्हणजे प्रश्न भिंगरीच्या मनात बरेच दिवस होताच, पण मनात काय, वाटेल ते असतं. तोंडावर विचारून दाखव, असं लंबी आणि चिवचिव या मैत्रिणींनी तिला चिथावलं होतं, आणि त्या दोघी आत्ता बोलिंगच्या हॉलमध्ये, बाबांच्या खोलीबाहेर, बुटांच्या काउंटरमागे खाली वाकून, तोंड दाबून हसत ऐकत होत्या.

आधीची भिंगरी असती तर ती सरळ पैज हरली असती. पण आधीची भिंगरी राहिली होती कुठे? शेवटच्या बाकावर बसून हजेरीलासुद्धा पुटपुटणारी ती मुलगी. गेल्या वर्षी एका कंटाळवाण्या दुपारी तिनं बॉलच्या भोकातून अंगठा बाहेर काढला, डाव्या हाताचा टेकू दिला आणि कमरेतून वाकून बॉल असा फिरवून सोडला, की तो लेनच्या कडेच्या गटरच्या काठाकाठानं गेला, शेवटच्या क्षणी विचार बदलल्यासारखा आत वळला आणि दहाच्या दहा पिना आडव्या झाल्या. शेजारच्या लेनवर कुणाचा तरी वाढदिवस चालला होता, तिथली माणसं केक हातात धरून बघत राहिली. त्या दिवसापासून तिचा आवाज वाढला, चाल बदलली, आणि गरगर फिरत जाणाऱ्या त्या बॉलमुळे सगळा हॉल तिला भिंगरी म्हणायला लागला. सगळा हॉल म्हणजे बाबा सोडून.

बाबांची खोली हॉलच्या मागच्या अंगाला, पिना उभ्या करणाऱ्या यंत्रांच्या खडखडाटाला खेटून होती. खेळाडूच्या बोटांचं माप घ्यायचं आणि त्या मापाची भोकं बॉलला पाडायची, हे त्यांचं काम. सगळे त्यांना मास्तर म्हणत. पूर्वी ते स्वतः खेळायचे, आणि कसे, ते दारातल्या फोटोत दिसायचं. एक हात मागे, थेट डोक्याच्या वर, हातात बॉल, बाकीचं शरीर वाकलेलं, पण कुठे म्हणून ओढाताण नाही. पुढे अंगठ्याचा सांधा गेला. बॉल सुटायच्या वेळी अंगठा भोकातून सुटेना. तेव्हापासून ते दुसऱ्यांच्या अंगठ्यांसाठी भोकं पाडत होते.

"मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही," बाबा म्हणाले.

"मग मशीन बंद करा ना."

"गिऱ्हाइकाचं काम आहे." त्यांनी भोकातला भुसा फुंकला, डोळा लावून आत बघितलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुझा बॉल ठेवून जा. निवड आलीय ना जवळ. साफसूफ करून देतो."

काउंटरमागे लंबी कुजबुजली, "काय म्हणाले?"

"बॉल ठेवून घेतला."

"म्हणजे लाज वाटत नाही," चिवचिवनं निकाल दिला. "लाज वाटली असती तर साफ कशाला करून दिला असता? माझे बाबा माझी चित्रकलेची वही हातातसुद्धा धरत नाहीत."

हे भिंगरीला इतकं पटलं, की ती घरापर्यंत जवळजवळ उड्या मारत गेली.

घरात हा वाद जुना होता. जेवायला बसलं की निघायचाच. बाबांच्या मते एका हाताचा खेळ म्हणजे झोका. हात सैल सोडायचा, बॉलच्या वजनानं तो मागे जातो, त्याच वजनानं पुढे येतो; अंगठा आधी निघतो, मग बोटं, आणि तेवढ्या क्षणभरात जे काय कौशल्य असेल ते असतं. "आणि दोन हातांनी टाकणं म्हणजे बादलीतलं पाणी अंगणात फेकणं."

"पाणी फेकल्यावर पिना वाहून जातात की नाही, ते सांगा," भिंगरी म्हणायची.

"पिना दगड मारूनही पडतील."

"मारा मग. बघू किती पडतात."

"अहो, जेवू द्या तिला," आई म्हणायची. ती शाळेची व्हॅन चालवायची आणि दिवसभर पोरांची भांडणं सोडवून आलेली असायची. "घरी आल्यावर तरी मला पंच करू नका."

एकदाच, फक्त एकदाच, भिंगरीनं गंमत बाजूला ठेवून म्हटलं होतं, "बाबा, दोन हातांनी टाकताना अंगठा लागतच नाही. तुम्हालाही जमेल. परत खेळता येईल." बाबा ताटात बघत राहिले. मग म्हणाले, "तसं खेळण्यापेक्षा फोटो बरा." त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही.

निवडीच्या सकाळी तिघंही व्हॅननं निघाले. सोळा वर्षांखालच्या मुलींच्या संघाची निवड होती, आणि भिंगरीचं हे शेवटचं वर्ष. पुढचा गट मोठ्या बायकांचा. त्यात वर्षानुवर्षं त्याच चौघी ठाण मांडून बसलेल्या होत्या आणि शाळकरी मुलीला तिथे कुणी उभंही केलं नसतं. म्हणजे आज नाही तर नाहीच. तरी भिंगरीच्या पोटात भीती नव्हती. महिनाभर तिचा बॉल सांगेल तिथे वळत होता. तिनं मागच्या सीटवरून आईला रस्ताभर ऐकवलं, की संघाच्या जर्सीचा रंग तिला मुळीच शोभणार नाही आणि तरी जर्सी ती रोज घालणार आहे.

तपासणीच्या टेबलाशी पंच बाई बसल्या होत्या. बाबांनी आदल्या रात्री भरून आणलेल्या पिशवीची चेन भिंगरीनं आत्ता पहिल्यांदा उघडली. बॉल काचेसारखा चकाकत होता. तिनं दोन बोटं भोकांत घातली, बॉल उचलला, आणि तळहाताला काहीतरी लागलं. लागलं म्हणजे, लागायला हवं होतं ते लागलं नाही. जिथे गुळगुळीत पाठ होती तिथे पोकळी होती.

तिसरं भोक. अंगठ्याचं.

तिनं नकळत अंगठा आत सरकवला. सैल नाही, घट्ट नाही. कड अशी घासून गोल केलेली, की कातडीला कळूही नये. तिच्या अंगठ्याचं माप जगात एकाच माणसाला पाठ होतं. तिनं पैजेवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं हातात आलं.

"कसा टाकतेस? एका हातानं की दोन?" पंच बाईंनी विचारलं.

"दोन."

"अंगठा आत?"

"बाहेर."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "मग हा बॉल चालणार नाही. जेवढी भोकं, तेवढी सगळी टाकताना वापरायची. रिकामं भोक ठेवायचं नाही. नियम बदलून झाली की काही वर्षं."

बाबा मागेच उभे होते. "अहो बाई, रिकाम्या भोकानं काय बिघडतं? आम्ही तर तोल साधायला म्हणून जादाचं भोक मुद्दाम पाडायचो."

"तेच बंद झालंय, मास्तर."

बाबांना खरंच ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे येणारी गिऱ्हाइकं अंगठा घालूनच टाकायची. तिसरं भोक रिकामं राहण्याचा प्रश्न त्यांच्या खोलीत कधी आलाच नव्हता. आला होता तो एकाच बॉलच्या बाबतीत, घरातल्याच.

"लगेच बुजवतो," ते म्हणाले. "मसाला भरतो, घासून सपाट करतो."

"वाळायला किती लागेल?" आईनं विचारलं.

मसाला कडक व्हायला एक अख्खी रात्र लागते, हे भिंगरीला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं.

"हॉलचे बॉल आहेत की मांडणीवर," आई म्हणाली.

"त्यांनाही तीनच भोकं असतात, आई."

"दुसऱ्या कुणाचा?"

"दुसऱ्याचा बूट घालून पळायला सांगतेस तू मला."

बाबा पुढे आले. अगदी हळू आवाजात म्हणाले, "पाडलंय ना मी बरोबर मापाचं भोक? मग टाक की एका हातानं. तुला येतं ते. मी शिकवलंय. हात विसरत नाही."

हात विसरतो. भिंगरीचा हात तर सगळं विसरला होता. पहिल्या बॉलला अंगठा उशिरा निघाला आणि बॉल फळीवर धपकन आदळला. शेजारच्या लेनवरची मुलगी दचकली. दुसरा सरळ गटरमध्ये. ती झोका आठवायचा प्रयत्न करत होती, पण डावा हात सवयीनं टेकू द्यायला धावायचा आणि अर्ध्यात लाजून मागे यायचा. कधी चार पिना पडायच्या, कधी दोन टोकांच्या दोन उभ्या राहायच्या आणि मधून अख्खा ट्रक जाईल एवढी वाट. लंबी आणि चिवचिव पाठिंबा द्यायला आल्या होत्या. सुरुवातीला त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग नुसत्या बसल्या, मग चिवचिवनं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली आणि वर बघितलंच नाही.

एकच बॉल बरा गेला. शेवटाकडे, जेव्हा गमवायचं काही उरलं नव्हतं, तेव्हा तिनं हात सोडून दिला. बॉल मागे गेला, आपणहून पुढे आला, अंगठा निघाला, बोटांनी निरोप दिला, आणि सगळ्या पिना पडल्या. तिनं वळून बघितलं. बाबा कठड्याला धरून उभे होते. त्यांचा उजवा हात, तो गेलेल्या अंगठ्याचा हात, शरीरापासून थोडा मागे गेला होता आणि तसाच हवेत राहिला होता. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिनं आजवर एकदाही बघितलं नव्हतं. शेजारच्या लेनवरचा वाढदिवस थांबला होता त्या दिवशीही नाही. तिनं पुढचा बॉल नीट टाकण्याचाही प्रयत्न केला नाही.

संघाची यादी वाचून दाखवली तेव्हा तिघंही व्हॅनमध्येच बसले होते. हॉलचं दार उघडं होतं, आवाज येत होता. यादी संपली. आईनं किल्ली फिरवली.

व्हॅन रस्त्याला लागली. मग बाबाच म्हणाले, "चुकलं माझं. नियम बघायला हवा होता." दोन सिग्नल गेले. "पण तो एक बॉल," बाबा पुढच्या काचेकडे बघत म्हणाले, आणि आवाजात आलेला आनंद त्यांना लपवता आला नाही, "काय सुटला गं हातातून."

"अहो," आई म्हणाली. फक्त एवढंच.

भिंगरीच्या मांडीवर बॉल होता. तिनं विचारलं, आणि या वेळी काउंटरमागे कुणी नव्हतं, "बाबा, तुम्हाला लाज वाटते का?"

इथे मशीन नव्हतं. व्हॅनचं इंजिनही सिग्नलला हळू झालं होतं.

"लाज नाही गं," बाबा म्हणाले. "लाज कशी वाटेल. पण बघवत नाही मला. तू वाकतेस, दोन्ही हातांनी ओढतेस... मला वाटतं माझ्याबरोबर सगळं संपलं. म्हणून म्हटलं, भोक असू दे. एखाद्या दिवशी तुला वाटलं तर. जबरदस्ती नव्हती."

"माहीत आहे," भिंगरी म्हणाली. तिला खरंच माहीत होतं, आणि त्यानं काहीही सोपं झालं नाही. ती रडली नाही. पूर्वीची रडली असती आणि विषय मिटला असता.

घर आलं. आईनं व्हॅन लावली, पण कुणीच उतरेना.

"बुजवून देतो उद्या," बाबा म्हणाले. "कळणारही नाही कुठे होतं ते."

"नको." भिंगरीनं अंगठा त्या भोकावर ठेवला, आत घातला नाही. "आई, बाबा, मी ठरवलंय. बॉल मी पुलापलीकडच्या हॉलमध्ये नेऊन बुजवून घेणार. तिथल्या ड्रिलवाल्याकडून. आणि यापुढे तिथेच खेळणार. तुमच्या हॉलमध्ये नाही."

"अगं, पण कशासाठी आता?" आई मागे वळली. "वय संपलं. संघ नाही, स्पर्धा नाही, तिथे तुला ओळखणारं कुणी नाही. खेळून करणार काय तू?"

"दोन हातांनी टाकणार," भिंगरी म्हणाली. "आणि बाबा, तुम्ही बघायला यायचं नाही."