शिंगाचा घोडा

“हा बैल हाय का घोडा?” हरिश्चंद्रने कागद डोळ्यांपासून लांब धरत विचारलं.

“आजोबा, युनिकॉर्न आहे तो,” पूर्वी म्हणाली.

“त्याला येकच शिंग हाय.”

“एकच असतं.”

हरिश्चंद्र लहान मुलांच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता. गुडघे जवळजवळ छातीला टेकत होते. समोरच्या टेबलावर मेणाच्या खडूंचा डबा होता आणि शेजारी पाच वर्षांची त्याची नात पूर्वी, दोन वेण्या घालून. वेण्या गिरिजाने, म्हणजे त्याच्या बायकोने, सकाळी इतक्या घट्ट बांधल्या होत्या की पोरीच्या भुवया वर ओढल्यासारख्या दिसत होत्या.

वर्गात बाकी सगळ्या आया होत्या. शाळेने ग्रुपवर कळवलं होतं, शनिवारी सकाळी नऊ वाजता ‘आई आणि मूल’ रंगवण्याचा कार्यक्रम, विषय युनिकॉर्न, प्रत्येक मुलाबरोबर एकच मोठं माणूस. दरवेळी गिरिजा यायची. या वेळी ती म्हणाली, “मी न्हाय जात. माज्यानं न्हाय व्हनार. तुमी जा.” मग तो आला.

“टीचर, ह्यो परानी कुठं सापडतो?” त्याने इशिता टीचरला विचारलं.

टीचर हसली. “कुठेच नाही, काका. कल्पनेतला आहे. मुलांना आवडतो.”

“बरं,” तो म्हणाला.

अलीकडे तो सगळ्यालाच ‘बरं’ म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी त्याची मुलगी रसिका चार दिवसांच्या तापाने गेली, तेव्हा डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं आणि तो म्हणाला होता, “बरं.” मग त्याने खिडकीवर जाऊन फॉर्म भरला. क्लार्कने नाव विचारलं, त्याने सांगितलं. क्लार्कने वय विचारलं, त्याने सांगितलं. गिरिजा बाकावर आडवी पडून ओरडत होती आणि तो फॉर्मची कार्बन कॉपी नीट घडी करून खिशात ठेवत होता. लोक म्हणाले, हरिश्चंद्र धीराचा माणूस आहे. धीर वगैरे काही नव्हतं. आत काही हलतच नव्हतं. आज हलेल, उद्या हलेल, असं करत दोन वर्षं गेली.

पूर्वी, रसिकाची मुलगी, तेव्हा तीन वर्षांची होती. जावई मितेश कंपनीतून रात्री उशिरा यायचा, मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये पोरीला बघायला कुणी नव्हतं. म्हणून ती भाईंदर गावात आजी-आजोबांकडे राहिली. मितेश दर रविवारी यायचा, तिला खाडीवर फिरवून आणायचा. गेल्या दिवाळीनंतर एका रविवारी तो पूर्वीला बाहेर न नेता पुढच्या खोलीतल्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, “पप्पा, मी लग्न करतोय. दिशा नाव आहे तिचं. आणि मला वापीला प्लांटवर टाकलंय. पूर्वीला मी घेऊन जाणार.” एवढं बोलून तो स्वतःच रडायला लागला. हरिश्चंद्रने त्याला पाणी आणून दिलं आणि म्हणाला, “बरं.”

आता उद्या, रविवारी, ते निघणार होते.

“आजोबा, तुम्ही पाय रंगवा. मी केस रंगवते,” पूर्वी म्हणाली.

त्याने काळा खडू उचलला. पस्तीस वर्षं त्याने नगरपालिकेच्या आणि मग महापालिकेच्या पाणी खात्यात व्हॉल्व्ह उघडायचं आणि बंद करायचं काम केलं होतं. लोखंडी चावी फिरवून फिरवून तळहाताला घट्टे पडले होते, बोटं पुरती मिटत नव्हती. खडू त्याच्या बोटांत आला आणि मधोमध मोडला.

“असू दे,” पूर्वी म्हणाली. “दोघांना एक-एक झाला.”

तेवढ्यात दारात कुणीतरी आलं. निळ्या कुर्त्यातली, तिशीच्या आतली बाई, धावत जिना चढून आल्यासारखी. हातात फोन, त्यावर शाळेचीच सूचना उघडलेली.

“टीचर, मी पूर्वीची...” ती थांबली. “पूर्वीसाठी आलेय. सॉरी, रिक्षाच मिळत नव्हती.”

हरिश्चंद्रने तिला ओळखलं. दिशा. लग्न होऊन तीन आठवडे झाले होते. ती चार वेळा घरी आली होती, चारही वेळा खुर्चीच्या काठावर बसली होती आणि गिरिजाने दिलेला चहा गरम असतानाच संपवून टाकला होता.

इशिता टीचरने एकदा तिच्याकडे, एकदा हरिश्चंद्रकडे पाहिलं. “अहो, पण एका मुलाबरोबर एकच जण बसू शकतो ना. खुर्च्या मोजून लावल्यात.”

“हो का? मितेशने मला मेसेज फॉरवर्ड केला. मला वाटलं कुणी नसेल तिच्यासोबत.” तिचा चेहरा लाल झाला. “काका, तुम्ही बसा. मी मागे उभी राहते. किंवा जाते मी, काही प्रॉब्लेम नाही.”

शेजारच्या टेबलांवरच्या बायका खाली बघून रंगवू लागल्या.

हरिश्चंद्रने टेबलाला हात टेकवला आणि उठला. दोन्ही गुडघे वाजले. “बसा तुमी,” तो म्हणाला.

पूर्वीने त्याचा सदरा धरला. “आजोबा रंगवणार आहेत.”

“मना कुठं येतंय? मगाशी मी त्याला बैल म्हनालो.”

ती हसली नाही. सदरा सोडलाही नाही.

“खडू पन मोडला मी,” तो म्हणाला. “ह्या चांगलं रंगवतील. तू शिकव त्यांना.”

“तुम्ही कुठे जाणार?”

“हितंच. भायेर. खिडकीतून दिसंन तुला.”

त्याने तिची बोटं एक एक करून सदऱ्यावरून सोडवली. चार बोटं आणि अंगठा. जोर लावावा लागला नाही. मग तो बाहेर व्हरांड्यात गेला.

व्हरांड्यात मुलांचे हात धुवायला कमरेएवढ्या उंचीवर पाच नळ होते. तिसरा गळत होता. त्याने तो दाबून बंद केला. थेंब पडतच राहिला. वायसर गेला होता. खिशात दोऱ्याचा तुकडा सापडला, तो त्याने आट्यांवर गुंडाळला आणि पुन्हा आवळलं. थेंब थांबला नाही, पण उशिरा पडू लागला. तो थेंब मोजत खिडकीशी उभा राहिला. खिडकी उघडी होती आणि पूर्वीचं टेबल खिडकीला लागूनच होतं.

“कोणता रंग घेऊ मी?” दिशा विचारत होती.

“कोणता पण.”

दिशाने जांभळा घेतला आणि युनिकॉर्नच्या शेपटीवर फिरवला. रंग रेषेबाहेर गेला.

“बाहेर गेलं,” पूर्वी म्हणाली.

“सॉरी.”

“सॉरी नाही म्हणायचं. हळू करायचं.”

“ओके. हळू करते.”

पूर्वी खाली मान घालून मानेवरचे केस रंगवत होती, एक पट्टा गुलाबी, एक निळा. मध्येच ती मान वळवून खिडकीकडे बघायची. हरिश्चंद्र दिसला की परत रंगवायला लागायची. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा तिने पाहिलं, तेव्हा त्याने हात वर केला. मग मात्र बराच वेळ तिने पाहिलं नाही. पिवळा खडू तिने टेबलावरून सरकवून दिशाकडे दिला. “शिंग तू कर. शिंगाला सोपं असतं.”

“थँक्यू,” दिशा म्हणाली.

आपल्याला वाईट वाटायला हवं, असं हरिश्चंद्रला वाटलं. निदान बरं तरी वाटायला हवं. दोन्हीपैकी काही होतंय का, ते तो बघत उभा राहिला.

“चला, आता नावं लिहा,” टीचरने टाळी वाजवली. “खाली दोन ओळी आहेत. वरच्या ओळीवर मुलाने स्वतः लिहायचं. खालच्या ओळीवर आईचं नाव.”

पूर्वीने जीभ बाहेर काढून आपलं नाव लिहिलं. मग पेन दिशापुढे धरलं. “इथे मम्मीचं नाव लिही.”

दिशाने पेन घेतलं. कागदावर टेकवलं नाही. “काय लिहू?” तिने अगदी हळू विचारलं.

“मम्मीचं नाव. रसिका.”

शेजारच्या टेबलावरच्या बाईने वर पाहिलं. टीचर दोन टेबलं सोडून उभी होती, तीही थांबली. खिडकीपाशी हरिश्चंद्रला दिशाची फक्त पाठ दिसत होती आणि पेन धरलेला हात.

“हां,” दिशा म्हणाली. “बरोबर. रसिका.” तिने ‘र’ लिहिला आणि पुन्हा थांबली. “पूर्वी, मी गुजराती मीडियमची आहे. मराठी बोलते, पण लिहिताना चुकतं माझं. सि पहिली का दुसरी?”

पूर्वीला ते ठाऊक नव्हतं. तिने खिडकीकडे तोंड करून मोठ्याने विचारलं, “आजोबा, मम्मीची वेलांटी कोणती? पहिली का दुसरी?”

वर्गातल्या सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं.

हरिश्चंद्रने तोंड उघडलं. रसिका पहिलीत असताना पाटीवर आपलं नाव दुसऱ्या वेलांटीने लिहायची. त्याने तिच्या हाताला धरून पुसायला लावलं होतं. चौथ्या वेळी ती चिडून म्हणाली होती, नाव माजं हाय, मी कसं पन लिहीन.

“पहिली,” तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच निघाला.

दिशाने लिहिलं. अक्षर मोठं आलं आणि ओळ भरली. ती कागदाकडे बघत बसली, मग तिने तो पूर्वीपुढे सरकवला. पूर्वीने बोट ठेवून एक एक अक्षर वाचलं आणि मान डोलवली.

कार्यक्रम संपल्यावर टीचरने सगळी चित्रं दोरीला चिमट्यांनी लावली. आया आपापल्या मुलांना चित्राखाली उभं करून फोटो काढत होत्या. दिशाने पूर्वीचा फोटो काढला. मग तिने हरिश्चंद्रला विचारलं, “काका, तुम्ही उभे राहता तिच्याबरोबर?” तो उभा राहिला.

पूर्वी चप्पल घालायला गेली, तेव्हा दिशा त्याच्याजवळ आली.

“काका, मला माहीत नव्हतं तुम्ही येणार आहात. नाहीतर मी आले नसते.”

“आलात ते बरं झालं.”

“मला तिचं काहीच माहीत नाही,” दिशा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिने ते तिथेच अडवलं होतं. “मितेशला विचारलं तर तो म्हणतो, होईल सगळं. कसं होईल? तुम्ही सांगा ना मला. मी लिहून घेते.”

तिने खरंच फोन काढला.

“डाव्या कानात पानी जाऊ देऊ नका. दुखतो. न्हाऊ घालताना कापूस लावायचा.”

“डावा कान,” दिशा टाइप करत म्हणाली.

“कुकरच्या शिट्टीला घाबरते. शिट्टी व्हायच्या आधी सांगायचं, आता व्हनार हाय. मग न्हाय घाबरत. झोपताना पाय उघडे लागतात. तुमी घालाल पांघरून, ती काढंल. काढू द्यायचं.” तो थांबला. “रागावली तर बोलत न्हाय. तवा विचारायचं न्हाय, काय झालं म्हनून. बाजूला बसायचं फक्त. आपल्या आपन सांगते.”

“किती वेळ बसायचं?”

“कदी पाच मिनिटं. कदी अर्दा तास.”

दिशाने तेही लिहिलं. निवृत्त झाला त्या दिवशी त्याने नव्या माणसाला असाच चार्ज दिला होता, कुठल्या गल्लीतला व्हॉल्व्ह उलटा फिरतो, कुठला पावसात अडकतो. त्या माणसानेही वहीत उतरवून घेतलं होतं. सांगून झाल्यावर हात एकदम रिकामे वाटले होते. आजही तसंच झालं.

“आईचं... रसिकाचं काही विचारते का ती?”

“विचारते.”

“मग काय सांगता तुम्ही?”

“जेवडं विचारते तेवडंच सांगतो.”

दिशाने मान हलवली. हे तिने लिहिलं नाही. “तुम्ही आणि काकी येत जा वापीला,” ती म्हणाली.

“येऊ,” तो म्हणाला. गिरिजाला दुसऱ्याच्या घरी झोप लागत नव्हती. ते त्याला आणि गिरिजाला माहीत होतं, पण दिशाला सांगण्यासारखं नव्हतं.

रविवारी दहाला गाडी आली. मितेश डोळे न उचलता पाया पडला. हरिश्चंद्रने दोन बॅगा आणि पोरीची उशी डिकीत ठेवली. पूर्वीने विचारलं, वापीला खाडी आहे का, आणि मितेश म्हणाला, नदी आहे, मोठी आहे. तिचं समाधान झालं. दिशा पुढच्या सीटवर न बसता मागे तिच्याजवळ बसली. गिरिजा दारातच उभी होती, पदर तोंडात धरून. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली, तेव्हा पूर्वी खिडकीची काच वरखाली करण्यात गुंतली होती.

हरिश्चंद्र घरात येऊन बसला. गिरिजा सरळ आत गेली आणि तिने बोंबील साफ करायला घेतले. तासाभराने तिने दोन पानं वाढली. भात, बोंबलाचं कालवण. ती स्वतः बसली, पहिला घास कालवला आणि तशीच थांबली. तिची नजर ओट्यावर होती. तिथे एक लहान वाटी होती, तीत तिखट घालायच्या आधी काढून ठेवलेला, हळद-मिठाचा पिवळा रस्सा आणि काटा काढलेले दोन तुकडे. कालवण करताना तिने सवयीने ती काढली होती.

गिरिजाला उठता येईना.

हरिश्चंद्र उठला. त्याने वाटी आणली, आपल्या भातावर ओतली आणि बोटांनी पुसून घेतली.

“फिकं लागंल तुमाला,” गिरिजा म्हणाली.

“लागू दे.”

तो जेवत राहिला. संपल्यावर त्याने ताट पुढे केलं. “अजून भात वाढ,” तो म्हणाला.