चढ्याची तिसरी मोजणी

चढ्या हा पक्षी ओळखायला सोपा, सापडायला महाकठीण. मुठीत मावेल एवढा जीव, पाठ झाडाच्या सालीसारखी तपकिरी, पोट पांढरं, चोच वाकडी. जुन्या, खरबरीत खोडावर तो उंदरासारखा सरसर वर चढतो, शेंड्याजवळ पोचला की भुर्रकन शेजारच्या झाडाच्या बुंध्याशी येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. पण खोडाचा आणि त्याचा रंग एकच. म्हणून आधी त्याचं बारीक गाणं ऐकायचं, मग नजर लावायची. मोजणीदारानं बत्तीस वर्षं हेच केलं होतं.

गेली दोन वर्षं मात्र त्यानं ओढ्याकाठच्या जुन्या रानापुढे शून्य लिहिलं होतं. वनखात्याचा नियम सरळ होता. सलग तीन वर्षं शून्य आलं, की रान राखीव राहत नाही, तोडीला जातं. आज तिसरी मोजणी होती.

बायको म्हणाली, मीही येते. गुडघा दुखतोय तुमचा, पडलात तर काय तो चढ्या उचलणार आहे? तो म्हणाला, ये, पण तोंडाला कुलूप लाव. तिनं कबूल केलं आणि नवल म्हणजे पाळलंही.

दहा झाडं ठरलेली, प्रत्येकापाशी दहा मिनिटं उभं राहायचं. सहा झाडं झाली, कागदावर सहा शून्यं पडली. सातव्यापाशी त्याला भरून आलं. गेले बिचारे, म्हणत त्यानं पेन्सिल टेकवली, तर बायकोनं पहिल्यांदाच कागदाकडे पाहिलं आणि त्याचा हात धरला.

"अहो, तो इतका गातोय आणि तुम्ही शून्य काय लिहिताय?"

त्याला वाटलं, थट्टा करतेय. त्यानं कान टवकारले. ओढा ऐकू येत होता, कावळा ऐकू येत होता, बाकी काही नाही. बायकोनं चढ्या जन्मात पाहिला नव्हता. पण दाढी करताना नवरा त्याची शीळ घालायचा, ती ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. तिनं ओठांचा चंबू केला, तीच शीळ आपल्या बसक्या सुरात घातली आणि बोट दाखवलं. त्यानं दुर्बीण लावली. वाकडी चोच, पांढरं पोट, सरसर वर. चोच उघडी होती, गळा थरथरत होता आणि मोजणीदाराच्या कानात काहीच नाही.

तो झाडाच्या मुळावर बसला. घरातलं बोलणं, हाका सगळं ऐकू यायचं, म्हणून कळलंच नव्हतं. बारीक सूर तेवढे कानांतून गळाले होते. दोन वर्षं आपण जित्या पाखरांना कागदावर मारत होतो! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याहून कितीतरी जास्त हायसं वाटलं.

मग पहिल्या झाडापासून पुन्हा सुरुवात. ती ऐकत गेली, तो बघत गेला. नऊ पक्षी निघाले.

कचेरीत त्यानं कुणी विचारायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. माझी दोन वर्षांची शून्यं खोडा, म्हणाला, आणि पुढच्या वर्षी चांगल्या कानांचा माणूस बघा. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण खोडली. मग विचारलं, "आजची मोजणी कुणाच्या नावावर?"

"हिच्या. मी नुसता बघत होतो. ते जिवंत आहेत, हे हिनं मला सांगितलं. फार उपकार झाले हिचे."

बायको म्हणाली, काहीतरीच तुमचं. पण पेन घेतलं. ती सही करताना कागद हलू नये, म्हणून त्यानं तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.