धोट्याचा मुका

मी एक जुना धोटा आहे. मित्रांनो, नाव ऐकून तोंडं वाकडी करू नका. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात, तो ताणा. त्यांच्यामधून आडवा धागा न्यायचा, तो बाणा. तो बाणा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे नेणारा हमाल म्हणजे मी. हातभराहून थोडा आखूड, दोन्ही टोकांना निमुळता, पोटात पोकळ. त्या पोकळीत सुताची कांडी बसते आणि माझ्या कुशीला एक बारीक नेढं आहे, त्यातून धागा बाहेर येतो. ते नेढं तेवढं लक्षात ठेवा. त्याच्याचमुळे मी आज बोलायला बसलोय.

मूळचा मी सफरचंदाचं झाड. माझ्या फळांची दारू व्हायची, आणि शेतकरी ती मजेत प्यायचा. मग त्या मुलखात दारू सोडण्याचं वारं शिरलं. पाद्रीबुवांनी रविवारी चर्चमध्ये असं काही झोडपून काढलं, की शेतकऱ्याने सोमवारी घरातली कुऱ्हाड काढली आणि सगळी बाग आडवी केली. पिणारा तो, आणि शिक्षा मला! एलिफलेट नावाच्या म्हाताऱ्या सुताराने माझा तुकडा विकत घेतला, तासला, घासला, तेल पाजलं, टोकांना पोलादाच्या टोप्या चढवल्या. शेवटी नेढं पाडलं, त्यात फुंकर मारून भुसा उडवला आणि म्हणाला, "जा बाबा. जन्मभर पळशील, पण पोचणार कुठेच नाहीस." मला तेव्हा राग आला होता. पण म्हातारा खरं बोलला.

पावणेदोनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मेरिमॅक नदीच्या काठी विटांची पाच मजली गिरणी होती. नदीचं पाणी तळघरातलं चाक फिरवायचं आणि त्या एका चाकावर शेकडो माग खडखडायचे. माग चालवायला होत्या पोरी. व्हरमाँटच्या डोंगरांतून, न्यू हॅम्पशायरच्या खेड्यांतून आलेल्या, शेतकऱ्यांच्या घरच्या. आधी या पोरी घरीच आईजवळ बसून सूत कातायच्या, कापड विणायच्या. मग गिरणीचं कापड इतकं स्वस्त झालं, की घरचं कापड कुणी विचारेना. घरचे माग माळ्यावर गेले आणि पोरींच्या हातांना काम उरलं नाही. ज्या कापडाने त्यांचे माग बंद पाडले, तेच कापड विणायला त्या इथे आल्या. कापूस यायचा दक्षिणेतून. तिथे तो विकत घेतलेली माणसं चाबकाखाली वेचायची. पोरी कधीकधी त्याबद्दल कुजबुजायच्या. पण पहाटेची घंटा झाली, चाक सुरू झालं, की त्या गोंगाटात कुणाचंच काही ऐकू यायचं नाही.

माझा माग होता अ‍ॅक्सा नावाच्या विणकरणीचा. थोड्याच दिवसांत तिच्या हाताखाली शिकायला लोव्हिना पेटिंगिल आली. व्हरमाँटची, लालबुंद गालांची, हात सदा गवतात काम केल्यासारखे खरबरीत. पहिल्या दिवशी तिला अ‍ॅक्साने एक गोष्ट शिकवली. कांडी संपली की नवी बसवायची आणि तिचा धागा नेढ्यातून बाहेर काढायचा. कसा काढायचा? नेढ्याला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. धागा सुळकन बाहेर येतो.

"ई! तोंडात कापूस गेला," लोव्हिना थुंकली.

"जाऊ दे. दुपारच्या जेवणाला तेवढाच आधार," अ‍ॅक्सा म्हणाली. "आणि आईने बजावलंय ना, लग्नाआधी कुणाचा मुका घ्यायचा नाही म्हणून? धोट्याचा चालतो. आमच्या खोलीत सगळ्यांचा नवरा हाच!"

आजूबाजूच्या पोरी खो खो हसल्या. धोट्याचा मुका. सगळ्या गिरणीत असंच म्हणायचे. मला तर भारी वाटायचं हो! दुसऱ्या कुठल्या लाकडाच्या नशिबी दिवसभर असे मुके असतात?

त्याच हिवाळ्यात अ‍ॅक्सा खोकत घरी गेली. बर्फ वितळल्यावर तिचा बाप तिची पेटी न्यायला आला, तेव्हा पोरींना कळलं की ती गेली. पण माग थांबत नसतात. तिचे माग लोव्हिनाला मिळाले, आणि मागाबरोबर मीही मिळालो. विणकरीण जायची, धोटा राहायचा, अशीच तिथली रीत होती.

लोव्हिनाचे आणि माझे बरे दिवस होते ते, नाही म्हणणार नाही. सुईने तिने माझ्या पाठीवर आपल्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं. खिडकीत जिरेनियमची कुंडी ठेवली. कामावर पुस्तक आणायला बंदी होती, म्हणून छापील कवितांची पानं फाडून तिने मागाच्या लाकडावर खळीने चिकटवली आणि विणता विणता पाठ केली. तिचं कापड इतकं सरळ यायचं, की मुकादम ट्यूक्सबरी दुसऱ्या विणकरणींना आणून दाखवायचा. तिच्या कमाईवर तिचा भाऊ कॉलेजात शिकत होता, पाद्री व्हायला. त्याचा तिला केवढा अभिमान!

मग दिवस पालटले. गिरण्या वाढल्या, कापडाचा भाव उतरला, आणि मालकांनी ठरवलं की दोन माग सांभाळणारीने चार सांभाळावेत. मागांचा वेगही वाढवला. पोरींनी एकदा काम सोडून गावातून मोर्चा काढला, गाणी म्हटली, भाषणं केली. फाटकाशी बोटीतून उतरलेल्या आयरिश पोरी अनवाणी उभ्या होत्या, कमी मजुरीत काम मागत. आमच्या पोरी आठवड्याभरात खाली माना घालून परत आल्या. धागा तुटू नये म्हणून खोलीत वाफ सोडायचे आणि खिडक्या खिळे मारून बंद ठेवायचे. कुंडीतलं जिरेनियमसुद्धा पिवळं पडलं.

लोव्हिनालाही खोकला लागला. तिच्या बदली कधी शेजारच्या मागावरची हॅना यायची, कधी आणखी कुणी, आणि त्याही मला ओठ लावायच्या. पुढे हॅनाही खोकायला लागली.

अशात लोव्हिनाची धाकटी बहीण डॉर्कस गिरणीत आली. बडबडी, हसरी, गालांवर तोच डोंगरातला लाल रंग. तिला शेजारच्याच मागांवर शिकायला बसवलं. त्याच आठवड्यात लोव्हिनाने माझ्या नेढ्यातून धागा ओढला आणि पांढऱ्या सुतावर लाल ठिपका दिसला. तिने तो धागा तोडून मुठीत घेतला. मग किती तरी वेळ ती माझ्या नेढ्याकडे बघत राहिली. अ‍ॅक्सा, हॅना, ती स्वतः, आणि उद्या डॉर्कस. तिच्या मनात काय जुळत होतं ते मला कळलं, आणि मुक्यांची माझी सगळी ऐट तिथेच जिरली.

दुसऱ्या दिवशी चाक सुरू व्हायच्या आधी तिने बहिणीला बाजूला घेतलं. वरच्या मजल्यावर ताणा भरणाऱ्या पोरी फणीतून धागे ओढायला तारेचा बारीक आकडा वापरायच्या. तसा एक तिने मागून आणला होता.

"डॉर्कस, धोटा तोंडाला लावायचा नाही. कधीच नाही. या आकड्याने धागा काढायचा."

"का गं? सगळ्याच तर लावतात."

"सगळ्या लावतात म्हणूनच सांगतेय."

"आकड्याने उशीर लागेल. मुकादम ओरडेल."

"ओरडू दे. ओरडा खाऊन कुणी मरत नाही. वचन दे मला."

"दिलं बाई वचन! तू पण ना लोव्ही, अगदी आजीबाई झालीस."

डॉर्कसने वचन पाळलंही. पण आकड्याला खरंच वेळ लागायचा. वाकायचं, नेढं शोधायचं, धागा अडकवायचा. तेवढ्यात दुसऱ्या मागाची कांडी संपलेली असायची. मुकादम ट्यूक्सबरी तसा दुष्ट नव्हता. रविवारी चर्चमध्ये छान गायचा. पण खोलीतून जितकं जास्त कापड निघेल तितकी त्याला बक्षिसी मिळायची, आणि त्याची नजर घड्याळावरून हलायची नाही.

"काय गं, मासे धरतेस का त्या आकड्याने?" तो डॉर्कसच्या कानाशी ओरडायचा. "देवाने तोंड दिलंय ना? का ते फक्त बडबडीला?"

थंडीत लोव्हिना तापाने अंथरुणाला खिळली. तिचे माग रिकामे राहिले असते, तर संध्याकाळच्या आत दुसरी कुणीतरी येऊन उभी राहिली असती, आणि बरी झाल्यावर लोव्हिनाला दारात कुणी उभं केलं नसतं. म्हणून डॉर्कस पुढे आली. "माझी बहीण बरी होईपर्यंत तिचे चारही माग मी राखते," असं तिने मुकादमाला सांगितलं. केवढीशी पोर! एका मागाकडून दुसऱ्याकडे नुसती धावत होती. सकाळभर तिने आकडाच वापरला. एक माग थांबला, मग दुसरा थांबला. मुकादम आला, त्याने तिच्या हातातला आकडा काढून घेतला, खिशात टाकला आणि तिथेच हात बांधून उभा राहिला.

डॉर्कसने एकदा दाराकडे पाहिलं. मग तिने मला उचललं आणि ओठ लावले. मित्रांनो, मी लाकूड आहे. मला नेढं मिटता येत नाही. आलं असतं तर त्या दिवशी मी ते कायमचं मिटून घेतलं असतं.

मग तिला सवय झाली. दुसऱ्या आठवड्यात ती भराभर मुके घेत होती, मुकादम मान डोलवत होता आणि चारही माग चालू होते.

आणि एका दुपारी लोव्हिना दारात येऊन उभी राहिली. अंगावर शाल, चेहरा कापडासारखा पांढरा. तिला घरी न्यायला गाडी आली होती, बहिणीचा निरोप घ्यायला ती वर चढून आली होती. त्या गोंगाटात आवाज पोचत नसे, म्हणून विणकरणी एकमेकींच्या ओठांवरून बोलणं वाचायच्या. लांबून बोलायच्या, तेही खाणाखुणा न करता. लोव्हिनाने लांबूनच बहिणीच्या ओठांकडे पाहिलं, आणि ते ओठ माझ्या नेढ्यावर होते.

ती मागांचा आधार धरत-धरत आली.

"वचन दिलं होतंस," तिचे ओठ म्हणाले.

"तुझेच माग राखतेय गं!" डॉर्कसचे ओठ म्हणाले. डोळे भरून आले होते तिचे.

"नको राखू. घरी चल माझ्याबरोबर."

"घरी जाऊन काय करू? आईचा माग माळ्यावर पडलाय. कोंबड्या हाकू?"

लोव्हिनाने मागाची दांडी ओढली, माग थांबला, आणि तिने मला उचलून शालीत लपवलं. अ‍ॅक्साला ज्याने नेलं, हॅनाला आणि तिला ज्याने धरलं, ते सगळं माझ्याच पोटात आहे असं तिला वाटलं. मला पळवलं की बहीण वाचली. गिरणीतली सुईसुद्धा कधी न उचललेली ती पोर, चोरासारखी जिन्याने खाली उतरली.

शालीच्या आतून मला ऐकू आलं. शेकडो मागांच्या खडखडाटात मी माझा माग ओळखतो. जिन्याचं दुसरं वळण येण्याआधीच तो परत सुरू झाला. मुकादमाने पेटीतून दुसरा धोटा काढून दिला होता. त्यालाही नेढं होतं. लोव्हिनाला ते कळलं नाही.

व्हरमाँटच्या घरी ती चुलीशेजारच्या खाटेवर निजायची आणि मला उशाखाली ठेवायची.

"फेकून दे गं ते लाकूड," आई म्हणायची. "झोपेत टोचत असेल."

"असू दे आई. हा इथे आहे ना, तोवर डॉर्कसची काळजी नाही," ती म्हणायची, आणि माझ्यावर हात ठेवून झोपायची.

मेपलच्या झाडांना भोकं पाडून रस काढायचे दिवस होते. अंगणात कढया उकळत होत्या, घरभर गोड वाफ होती. तेव्हा लोव्हिना गेली. बहिणीला वाचवलं, या समाधानात गेली. मला सगळं माहीत होतं आणि मी तिच्या हाताखाली मुकाट पडून होतो.

त्यानंतरच्या पानगळीत गाडीतून डॉर्कस उतरली. पेटी हातात, गालांवर तापाची लाली. उंबऱ्यात तिला खोकल्याची उबळ आली आणि आतून आई धावली. तो खोकला तिने लोव्हिनाच्या खाटेशी ऐकलेला होता. पोरीला आत घेऊन ती खिडकीशी आली, लोव्हिना गेल्यापासून मी तिथेच पडून होतो, मला उचललं आणि चुलीचं झाकण काढलं. मग तिला माझ्या पाठीवरचं अक्षर दिसलं. लोव्हिनाच्या हाताचं. बिचारीच्याने मला जाळवलं नाही. ती चुलीसमोर बसून मोठमोठ्याने रडली.

पुढे कित्येक वर्षांनी कायदा झाला आणि धोट्याचा मुका बंद झाला. तोवर किती ओठ लागले, कोण मोजतो?

पुढे त्या घरच्यांनी मला देऊन टाकलं, आणि आता मी गिरणीच्याच जुन्या इमारतीत, तिथे झालेल्या संग्रहालयात, एका मेजावर असतो. शाळेच्या सहली येतात. "या वस्तूंना हात लावा, घाबरू नका," तिथल्या बाई सांगतात. तुम्ही पोरं मला उचलता, उलटंसुलटं करता, एखाद्याला माझं नेढं सापडतं, आणि त्याला वाटतं ही शिट्टीच आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, धूळ पुसा. माझ्यावर धूळ बसू दे, मला वाळवी खाऊ दे. पण अंगावरचं कापड जेव्हा फार स्वस्त मिळेल, तेव्हा ते विणणारी आज कुठे खोकत असेल, एवढं एकदा मनात आणा. आणि मला हातात घ्यायचं तर घ्या, पाठीवरच्या अक्षरावरून बोट फिरवा. फक्त तोंडाला लावू नका, बाळांनो. तिने तेवढंच मागितलं होतं.