मागची काच

"माझी काच दोन महिने झाले खाली येत नाही," मागच्या सीटवरच्या आजी म्हणाल्या. त्यांचा मुलगा गाडीबाहेर उभा राहून घड्याळ बघत होता.

मी फ्यूज बघितला, तो ठीक होता. दाराचं पॅनल काढून मोटरला थेट बॅटरी लावली, तर काच सुर्रकन खाली. बिजागरीजवळच्या वायरीही शाबूत. जे आधी बघायचं ते मी शेवटी बघितलं: ड्रायव्हरच्या दारातलं, मागच्या काचा लॉक करणारं बटण दाबलेलं होतं.

मुलाने मला बाजूला घेतलं. "मीच दाबून ठेवतो. दर सिग्नलला काच खाली करून लोकांना शिकवत बसते हो ती! पार्ट मिळत नाही म्हणून सांगा."

माझं टाळकंच सरकलं. मी फॉल्ट शोधायला बसलोय की लपवायला? बटणाची जोडणी आतून अशी केली, की ते दाबलं काय नि न दाबलं काय, आजींची काच चालूच.

तासाभराने त्याचा फोन आला. "अहो, ते बटण चालत नाही!" मागे आजी कुणाला तरी इंडिकेटर कधी द्यायचा ते खडसावून सांगत होत्या.

"पार्ट मिळत नाही," मी म्हणालो.