उचगावात राहण्याचा व्हिसा

छप्पन साली आमचं उचगाव म्हैसूर राज्यात घातलं, तेव्हापासून गावचे सगळे अर्ज मी लिहितो. मी भावकू मास्तर, मराठी शाळेतून निवृत्त. अर्ज दिव्याच्या खांबाचा असो की म्हशींच्या लसीचा, शेवटची ओळ ठरलेली: ‘तसेच आमचे गाव महाराष्ट्रात सामील करण्यात यावे, ही विनंती.’ ती माझा हात आपोआप लिहितो आणि गाव न वाचता खाली सही करतं. म्हशींना लस मिळाली नाही आणि गावही होतं तिथंच राहिलं, पण ती ओळ गाळायची माझी काय बिशाद होती?

चौऱ्याऐंशी साली भीमाप्पाच्या दारात पोलीस कागद घेऊन आला. भीमाप्पा आमच्याच गावच्या बौद्धवाड्यातला. तरुणपणी बेळगावच्या कॅम्पात एका गोऱ्या मेजरचा स्वयंपाकी होता. स्वातंत्र्यानंतर मेजर विलायतेला गेला, तो यालाही घेऊन गेला. पुढं मेजर वारला आणि याने बर्मिंगहॅमच्या कारखान्यात पासष्ट वर्षांचा होईपर्यंत लोखंड ओतलं. तिथं कुणीतरी सही कर म्हणालं, याने केली, आणि गडी इंग्लंडचा नागरिक झाला. त्याची बायको तानीबाई मात्र कधी गावाबाहेर पडली नाही. दर तीन-चार वर्षांनी तो यायचा, राहायचा, जायचा. त्र्याऐंशीत पेन्शनीवर कायमचा परतला आणि गावात कौलारू घर बांधलं.

कागदात म्हटलं होतं की नवा नियम निघाला आहे. विलायती पासपोर्टवाल्याला भारतात राहायला आता व्हिसा पाहिजे. आणि तो व्हिसा लंडनला जाऊनच काढायचा. म्हणजे स्वतःच्या सोप्यात बसायची परवानगी आणायला भीमाप्पाने सात समुद्र ओलांडायचे!

“बघा मास्तर,” तानीबाई म्हणाली, “पस्तीस वरसं ह्यांची वाट बघितली. आता गावले, तर म्हणत्यात पाव्हणं हायत.” मग नवऱ्याकडं वळून, “पाव्हणं, भाकरी खायाची परवानगी हाय न्हवं?”

भीमाप्पाने कागद माझ्या हातात दिला. “मास्तर, तिथं माझं कोण बी न्हाय. एकदा गेलो तर परत सोडतील का न्हाय कुणास ठाव. मला हितंच मरायचं हाय.”

बेळगावला परदेशी माणसांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत आम्ही गेलो. टेबलामागचा कारकून भला माणूस होता, पण त्याच्यापुढं छापील फॉर्म होता आणि फॉर्मपुढं त्याचंही काही चालत नव्हतं.

“भारतात येण्याचा उद्देश?” त्याने विचारलं.

“मरायला आलोय,” भीमाप्पा म्हणाला.

कारकुनाने फॉर्म उलटून पाहिला. “मरणं हितं न्हाई रि. प्रवास, व्यापार, शिक्षण, एवढंच हाय.”

“मग प्रवास लिवा.”

“कुठली-कुठली स्थळं बघणार?”

“उचगाव.”

“आणि?”

“आणि काय? उचगावच.”

“एकाच गावात ऱ्हायला त्याला प्रवास म्हणत न्हाईत. व्यापार लिहू?”

“कशाचा यापार?”

“शिक्षण?”

भीमाप्पा सहासष्ट वर्षांचा होता. माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, “अहो, हा माणूस आमच्या गावात जन्मला!” कारकून शांतपणे म्हणाला, “मग तसा अर्ज आणा. गावानं सही करून. हा आमचाच म्हणून. तीन महिन्यांत न्हाई आला तर ह्यांना देश सोडाय लागंल.” अर्ज कन्नडमधून किंवा इंग्रजीतून आणा, असंही तो म्हणाला. मी मराठीतूनच आणणार असं ठणकावून बाहेर पडलो. भीमाप्पाला इंग्रजी येत होतं, पण मला त्या वेळी ते सुचलंसुद्धा नाही.

अर्ज लिहिला. ‘भीमाप्पा हा आमच्या गावचा असून त्यास गावात राहू द्यावे.’ देवळासमोरच्या पारावर बसून सह्या घेतल्या. या पाराचं एक सांगायला हवं. भीमाप्पाचा बाप जन्मभर गावासाठी राबला, पण त्याला इथं कुणी टेकू दिलं नाही. एकदा उन्हातून येऊन बसला होता, तेव्हा माझ्याच आज्ज्याने त्याला काठी दाखवून उठवलं. हे मी लहानपणी घरात हसत-हसत सांगितलेलं ऐकलं आहे, आणि आज त्याची लाज वाटते. आता भीमाप्पा माझ्या शेजारी पारावर बसला होता आणि गाव रांगेनं सह्या करत होतं. सिद्रामने केली, सोनाबाईने अंगठा दिला, भरमाने रानातून येऊन चिखलाच्या हातानेच केली. चारशे बारा झाल्या. भीमाप्पा एकेक नाव वाचत होता आणि मधूनच चष्मा पुसत होता.

अर्ज दिला, कारकुनाने कुरकुरत मराठीतलाच ठेवून घेतला, आणि पंधरा दिवसांनी आम्हाला बोलावलं. त्याचा चेहरा उतरला होता.

“मास्तर, हे काय लिहिलं हो शेवटी?”

मी पाहिलं. शेवटी आमची नेहमीची ओळ होती. गाव महाराष्ट्रात सामील करण्यात यावे. भीमाप्पाच्या जिवाचा कागद, आणि त्यात मी गावाचं गाऱ्हाणं घुसडलं होतं.

“खोडतो,” मी म्हणालो.

“आता न्हाई जमत. चारशे बारा सह्या हायत. ह्यात सीमाप्रश्न आला. सीमाप्रश्न माझ्या टेबलाचा न्हाई. वर पाठवलं मी.”

अर्ज बंगळूरला गेला, तिथून दिल्लीला. तानीबाईने माझ्यावर तोंड सोडलं. “मास्तर, तुमच्या म्हाराष्ट्राला माझाच दाल्ला घावला व्हय!” मी खाली मान घालून ऐकून घेतलं. घरात भीमाप्पाने बॅग भरून दाराशी ठेवली होती.

सात महिन्यांनी उत्तर आलं. तीन भाषांतले शिक्के होते. ‘सदर अर्ज सीमावादाशी संबंधित असल्याने, त्या वादाचा अंतिम निर्णय होईपर्यंत गाव व अर्जदार या दोहोंची स्थिती जैसे थे ठेवावी.’

कारकुनाने ते दोनदा वाचलं. “म्हणजे ह्यांना आता कुणी हलवू शकत न्हाई,” तो म्हणाला. “सीमाप्रश्न सुटेपर्यंत.”

आम्ही कचेरीच्या पायऱ्यांवर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. पण गावात उतरताना भीमाप्पाने माझी बाही धरली. “मास्तर,” त्याने हळूच विचारलं, “आनि सुटला तर?”

तेव्हापासून त्याचं आयुष्य विचित्र झालं. निपाणीला कुणी पुढारी ‘सहा महिन्यांत प्रश्न सुटेल’ असं बोलला की गाव फटाके उडवायचं आणि भीमाप्पाला जेवण जायचं नाही. राज्याच्या हद्दीवर, कोगनोळीच्या नाक्यावर मोजमापवाले दिसले, अशी अफवा आली तेव्हा तो दोन दिवस अंथरुणातून उठला नाही. ते रस्ता रुंद करायला आले होते. आणि मी? तीस वर्षं ज्या दिवसासाठी घसा फोडला, तो दिवस येऊ नये असं मला मनातून वाटायला लागलं. हे बोलायचं कुणापाशी?

पंच्याऐंशीच्या एक नोव्हेंबरला, म्हैसुरात घातल्याच्या निषेधाचा काळा दिवस आम्ही पाळतो त्या दिवशी, दरवर्षीप्रमाणं दिल्लीला पाठवायचा अर्ज मी पारावर घेऊन बसलो. या खेपेला महाराष्ट्रात जाण्यासाठी लढणाऱ्या आमच्या कमिटीने जोरदार मजकूर करायला सांगितलं होतं. मी मनात म्हटलं, भीमाप्पा आज घरातच बसू दे. पण तो काळी फीत लावून सगळ्यांच्या पुढं आला.

“तू नको करूस सही,” मी हळूच म्हणालो.

“का? मी गावचा न्हाय?”

“अरे, हा अर्ज मंजूर झाला तर तुला जावं लागंल.”

“ठाव हाय मला.” त्याने पेन घेतलं. “मास्तर, माझ्या कागदावर चारशे बारा मानसांनी सही केली. ह्याच पारावर. माझ्या बाला हितं बसू दिलं न्हवतं. आता गाव काय मागतंय त्याच्यावर माझी सही नसंल, तर मी कुठला?” आणि त्याने पहिल्या ओळीत, ठळक मराठीत, पूर्ण नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तो अर्ज टाकायला मी बेळगावच्या पोस्टात गेलो. तिकिटं लावली. पेटीपाशी उभा राहिलो. मला सगळ्या सभा आठवल्या, खाल्लेल्या लाठ्या आठवल्या. मग पाकीट सदऱ्याच्या आत घातलं आणि घरी येऊन तांदळाच्या कणगीत खोल पुरलं. कमिटीला सांगितलं, पाठवला. दिल्लीला फरक पडला नाही. दिल्ली आमच्या पोचलेल्या अर्जांचीही कधी पोच देत नव्हती.

आठवड्याने भीमाप्पा घरी आला. बॅग त्याने पुन्हा भरली होती, असं तानीबाईकडून कळलं होतं.

“पोचला असंल न्हवं अर्ज?”

“पोचला,” मी म्हणालो.

“मग आता किती दिस हायत माझं, मास्तर?”

मला त्याच्याकडं बघवेना. “लई दिस हायत, अण्णा,” मी म्हणालो. “बस, च्या घे.”