ताईच्या दिवसाचा धडा

शाळेतल्या बाई माझ्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात आल्या तेव्हा मी एका चाकाचा आउट काढत होतो, म्हणजे वाकडं झालेलं चाक सरळ करत होतो. हे काम अर्ध्यात सोडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं, म्हणून मी मान वर केली नाही. बाई तरुण होत्या, पण चिवट. स्टुलावर बसून राहिल्या आणि चाक सरळ झाल्यावरच त्यांनी पिशवीतून कागद काढला.

"काका, यंदापासून सगळ्या शाळांत ताईंचा दिवस साजरा होणार, हे तुम्हाला कळलंच असेल. मुलांसाठी हा छोटासा धडा लिहिलाय. घरच्या माणसाची सही हवी. आणि त्या दिवशी तुम्ही वर्गात येऊन दोन शब्द बोलायचे."

घरचं माणूस म्हणून आता मीच उरलोय. ताईला जाऊन दोन वर्षं झाली. जिना चढता येत नाही म्हणून कुठल्याही मुलाला शाळेने परत पाठवायचं नाही, हा नियम तिने करून घेतला. त्यासाठी ती कचेऱ्यांच्या दारात व्हीलचेअर लावून बसली, कोर्टात गेली, भल्याभल्या साहेबांच्या नाकी नऊ आणले. त्या चेअरची चाकं, बेअरिंग, ब्रेक मी बघायचो. माझं कर्तृत्व एवढंच.

कागद वाचायला घेतला. सगळं ठीक चाललं होतं. चौथ्या ओळीवर अडलो. 'ताईंचा धाकटा भाऊ त्यांना पाठुंगळी घेऊन शाळेचा जिना चढत-उतरत असे. चार वर्षांत त्याचा एकही दिवस चुकला नाही.'

हे आमच्या आईचं वाक्य. ताईचं नाव पहिल्यांदा पेपरात आलं तेव्हा आईने ते बातमीदाराला मोठ्या कौतुकाने सांगितलं, आणि तिथून जे सुटलं ते आता धड्यापर्यंत पोचलं. आई बोलत होती तेव्हा ताई शेजारीच होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चहा पीत राहिली.

"बरं झालंय ना?" बाईंनी विचारलं.

"सही तिकडे आलो की करतो," मी म्हणालो. पळवाट काढण्यात मी लहानपणापासून पटाईत.

ठरल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून वर्गात गेलो. वर्ग तळमजल्यावर, दाराला उंबरा नाही. ही ताईचीच करणी. फळ्यावर कोणीतरी तिचं चित्र काढलं होतं. नाक तिचं नव्हतं, पण रागीट भुवया बरोबर जमल्या होत्या. बाईंनी धडा मोठ्याने वाचला. चौथी ओळ आली तशी सगळ्या मुलांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. मला लाज वाटली, कानांच्या पाळ्या गरम होतात तसली. "काकांना कौतुकाची सवय नाही," असं बाई हसून म्हणाल्या, तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

"ती ओळ खोटी आहे," मी म्हणालो.

मग मी सगळं सांगून टाकलं. मी अकरा वर्षांचा, ताई तेराची. तिचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, पायऱ्या चौतीस. एके दिवशी शाळा सुटल्यावर मैदानात मॅच लागली. म्हटलं, दहा मिनिटं खेळतो आणि मग तिला आणतो. दहा मिनिटांचे दोन तास झाले. आठवण झाली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. धावत गेलो तर ताई सगळ्यांत खालच्या पायरीवर बसलेली. बसल्या बसल्या घसटत, एकेक पायरी करत एकटी उतरली होती. तळहात सोललेले, गणवेश मळून काळा झालेला. म्हणाली, "चल, बारक्या." घरी आईने हात बघितले तर ताई म्हणाली, "पडले."

"तुम्हाला ओरडल्या नाहीत?" मागून कोणीतरी विचारलं.

"ओरडली असती तर बरं झालं असतं. पुढे सारखं म्हणायची, आज सावकाश ये, खेळून ये. तिचे टोमणे मला फार लागायचे. मग मी उलट शाळा सुटल्या सुटल्या जिन्यापाशी जाऊन उभा राहायचो, तर ती आणखी चिडायची."

तिची माफी मागायची बावन्न वर्षं राहून गेली, हे मी मुलांना सांगितलं नाही. दवाखान्यात शेवटी शेवटी शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात ती म्हणाली, "डावं चाक वाजतंय, बघ जरा." मी चाकात डोकं घातलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. तिच्या दोन कुबड्या बाकाला टेकवून ठेवलेल्या होत्या.

"आजोबा, ते टोमणे नव्हते."

"तुला काय ठाऊक?"

"माझा दादा मला न्यायला येतो. एकदा विसरला. मग मी एकटीच घरी गेले. मधे एका दुकानापाशी थांबले, मांजराची पिल्लं बघितली. कोणी चल चल केलं नाही. घरी मी सांगितलंच नाही."

"का गं?"

"सांगितलं असतं तर दादा परत कधी विसरलाच नसता."

एवढं साधं मला कसं कळत नाही, असा तिचा चेहरा होता.

"पण तिचे हात सोलले होते," मी म्हणालो.

"माझा गुडघा फुटला होता. बरा झाला."

सावकाश ये, बारक्या. ताईला खरोखर तेवढंच हवं होतं, आणि मी मठ्ठ तिच्या जिन्यावर पहारा देत उभा. मला हसू आलं, हसता हसता डोळे भरून आले आणि ते मी सगळ्या वर्गासमोर बाहीला पुसले. इतक्या वर्षांनी माझा जीव भांड्यात पडला.

"मग ती ओळ काढून टाकू का?" बाईंनी मला विचारलं.

"काढू नका," उत्तर त्या मुलीनेच दिलं. "लिहा, की एक दिवस भाऊ आलाच नाही. त्या दिवशी ताई एकट्या उतरल्या."

बाईंनी जुनी ओळ खोडली, वर नवी लिहिली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली. खाली नातं लिहायला जागा होती. तिथे मी ठळक अक्षरांत 'भाऊ' लिहिलं.